तिसरा ठोका

नोटरी यायचे होते त्या सकाळी आईने मला तिचे केस दोनदा विंचरायला लावले. पहिल्यांदा भांग डावीकडे पडला होता. चौतीस वर्षं वर्गात उभं राहताना आणि त्यानंतरही तिचा भांग उजवीकडेच असायचा. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे बघ."

ऑगस्टमध्ये झटका आल्यापासून तिच्याकडे एवढे दोनच शब्द उरले होते. कॉफी हवी असली तरी "हे बघ", शेजारच्या बास्तिदचा कुत्रा अंगणात शिरला तरी "हे बघ". उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. समजत सगळं होतं. रेडिओवर कुणी चुकीचं बोललं की तिच्या कपाळावर आठी पडायची, म्हणजे समजण्यापलीकडेही बरंच काही शाबूत होतं.

त्या दिवशी साडेदहा वाजता तिला एक वाक्य बोलायचं होतं. "मी रद्द करते." आमच्या फ्रेंचमध्ये दोनच शब्द, "झ रेव्होक". पण ते तिच्या स्वतःच्या तोंडून, नोटरी आणि दोन साक्षीदारांच्या समोर, कुणाच्याही मदतीशिवाय यायला हवे होते.

आठ वर्षांपूर्वी बाबा आजारी असताना माझा भाऊ रोलाँ रेन शहरातून आला नाही. फोन करत राहिला, पण आला नाही. थेट दफनाच्या दिवशी आला आणि जेवायलाही थांबला नाही. त्याच आठवड्यात आईने तेव्हाच्या नोटरीकडे जाऊन खणखणीत आवाजात मृत्युपत्र सांगितलं. मुलाला कायद्याने जेवढं द्यावंच लागतं तेवढंच त्याला, बाकी सगळं रेजीनला. रेजीन म्हणजे मी. तोवर घटस्फोट घेऊन मी या घरी परत आले होते आणि वरच्या खोलीत राहत होते. तो कागद नोटरीच्या कपाटात आहे, तिथून तो कुणाला परत मिळत नाही. जे तोंडाने सांगून केलं ते एकतर स्वतःच्या हाताने लिहून मोडायचं, नाहीतर पुन्हा तोंडाने सांगून. आईचा लिहिता हात गेला होता. राहिलं तोंड.

झटका आल्यावर रोलाँ पहिल्याच गाडीने आला. इस्पितळात पलंगापाशी उभा राहिला. आईने डाव्या हाताने त्याच्या कोटाची बाही धरली आणि परतीच्या गाडीची वेळ टळून गेली तरी सोडली नाही.

सप्टेंबरात तिने खुणेने माझ्याकडून क्रियापदांची लाल पाठीची वही मागवून घेतली. त्या वहीत प्रत्येक क्रियापदाची सगळी रूपं तिने स्वतःच्या हाताने, तुकडे पाडून लिहिली होती. तिने पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'रद्द करणे'.

मला तत्काळ कळलं. मी म्हणाले, "हे फार अवघड आहे, आई. आधी खाण्यापिण्याची घेऊ या." आणि पान उलटलं.

तिने पान परत आणलं. नख पांढरं पडेपर्यंत बोट दाबून धरलं. "हे बघ," ती म्हणाली. नक्कल करताना सापडलेल्या पोरांना ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात.

*

वाणीउपचाराला येणारी क्लेमांस ही उत्तरेकडच्या तूर शहरातली मुलगी, हुशार आणि मायाळू. झटक्यात बोलणं गेलं तरी ताल बहुधा वाचतो, असं तिने मला समजावलं. शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला डाव्या हाताने एक ठोका द्यायचा, मग कधीकधी जिभेला वाट सापडते.

"रे-व्होक," क्लेमांस म्हणायची. दोन ठोके. "रे-व्होक, मादाम काझाल्बू. माझ्याबरोबर."

आईची जीभ हलायची नाही. बाराव्या वेळेला तिने ओठ मुडपला आणि मान खिडकीकडे वळवली.

"कंटाळल्या बहुतेक," क्लेमांस म्हणाली.

कंटाळली नव्हती. तिला राग आला होता. क्लेमांस उत्तरेकडच्यांसारखी शब्दाचा शेवटचा स्वर गिळत होती. आमच्या दक्षिणेत तो गिळत नाहीत. भरलेलं पातेलं ओट्यावर ठेवावं तसा अलगद खाली ठेवतात. गावातल्या तीन पिढ्यांना आईने हेच शिकवलं होतं. "मी बोलेन" या रूपाचे क्लेमांस दोन तुकडे करायची, 'पार्ल-रे'. आईच्या वर्गात त्याचे तीन व्हायचे, 'पार-ल-रे'. "ते बोलतात" लिहिताना शेवटी तीन अक्षरं येतात, त्यातलं पहिलं तोंडासाठी आणि उरलेली दोन फक्त डोळ्यांसाठी. कागदावरचे तुकडे वेगळे, तोंडातले वेगळे, आणि जो दोन्ही ओळखतो त्याचं श्रुतलेखन चुकत नाही. कर्त्याला, म्हणजे 'मी', 'तू', 'ते' यांना, पंजा सपाट टेबलावर ठेवायचा. क्रियापदाला बोटांच्या पेरांनी ठोके द्यायचे. मी सहा वर्षांची असताना तिच्याच वर्गात हे शिकले. तिथे तिला आई म्हणायची परवानगी नव्हती.

क्लेमांस गेल्यावर मी आईसमोर बसले. पंजा टेबलावर ठेवला. "झ." मग पेरांनी, "मां-झ." खाते. दोन ठोके, दुसरा हलका.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. तिचा डावा पंजा टेबलावर आला.

"झ मां-झ," आई म्हणाली.

मग ती रडायला लागली आणि रडता रडता "हे बघ, हे बघ" म्हणत राहिली.

त्यानंतर पाच आठवडे रोज सकाळी मी माझ्या आईला शिकवत होते की मला दिलेलं घर माझ्याकडून कसं काढून घ्यायचं. घराची माझ्या वाट्याची किंमत मला ठाऊक होती. मृत्युपत्र मोडलं की घर आम्हा दोघांत अर्धं-अर्धं होणार, आणि रोलाँचा अर्धा हिस्सा विकत घेण्याइतके पैसे माझ्याकडे कधीच येणार नव्हते. 'रेव्होक' झालं की घर विकलं जाणार. हे तिलाही ठाऊक होतं, आणि तरीही ती रोज पंजा टेबलावर ठेवून माझ्याकडे बघायची. मी ठोके दिले की दहापैकी दहा वेळा शब्द यायचा. तिने स्वतःच्या हाताने दिले की दहापैकी चार वेळा. उरलेल्या सहा वेळा ती तिसऱ्या ठोक्याशी अडायची. रे, व्हो, आणि मग हात हवेत राहायचा.

*

नोटरी वान्दाम, ज्यांना रिवाजाने सगळे मेत्र म्हणतात, आदल्या आठवड्यात येऊन नियम सांगून गेले होते. पार उत्तर टोकाच्या डंकर्कचा माणूस, उंच, थंडीने कान लाल झालेला. चार वर्षं इथे राहूनही आमच्या गावाचं नाव ते अर्धं गिळायचे.

"घरचं कुणी खोलीत नको," ते म्हणाले. "शब्द कुणी सुचवायचा नाही. खूण करायची नाही. त्या स्वतः टेबलावर हात आपटतील तर तो त्यांचा हात आहे, माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. अशी कागदपत्रं पुढे कोर्टात जातात, बाई. मी असलं काही डोळ्यांआड करत नाही."

"आणि जमलं नाही तर?"

"तर जुनं आहे तसं राहील."

डॉक्टरांनी तिची बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला होता. देताना दारात मला हळूच म्हणाले होते की दुसरा झटका कधीही येईल, फार दिवस धरू नका.

गुरुवारी सव्वादहाला साक्षीदार आले. एक बास्तिद, आणि दुसरी तंबाखूचं दुकान चालवणारी पोलेत. दोघंही आईचे विद्यार्थी.

"मला भीती वाटतेय गं," पोलेत माझ्या कानाशी म्हणाली. "बासष्ट वर्षांची घोडी झाले, तरी वाटतंय गृहपाठ विचारतील."

"तुझा तेव्हाही कधी नसायचा," बास्तिद म्हणाला.

"तू गप रे. तू तर शाळेत फक्त शेकोटीसाठी यायचास."

आईने डावा हात उचलला. दोघंही गप्प झाले आणि आपापल्या खुर्चीत सरळ बसले. मेत्र वान्दाम यांनी कागद मांडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मी बाहेर येऊन दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून जेवणघरात ताटल्या द्यायची भिंतीतली खिडकी आहे. तिची झडप बाबांनी बसवली तेव्हापासून कधी पूर्ण लागली नाही. मी ओट्यावर चिरायचा पाट घेतला, सुरी घेतली. सूप करायचं होतं. लीकच्या, म्हणजे जाड पातीच्या कांद्यासारख्या भाजीच्या, जुड्या मातीसकट बेसिनमध्ये पडल्या होत्या.

"मादाम काझाल्बू," नोटरी म्हणाले. "तुमची काय इच्छा आहे ती सांगा. सावकाश."

पंजा टेबलावर पडल्याचा आवाज आला.

"झ."

मग पेरं. "रे." पुन्हा पेरं. "व्हो."

मी वाट पाहिली.

"हे बघ," आई म्हणाली.

पुन्हा पंजा. रे. व्हो. हे बघ. तिसऱ्यांदा 'व्हो'सुद्धा आला नाही. चौथ्यांदा तिने पंजा इतक्या जोरात मारला की पेला खणखणला. पोलेतचं नाक ओढणं ऐकू आलं. बास्तिदची खुर्ची करकरली. भिंतीवरच्या घड्याळात सोळा मिनिटं झाली.

"दमल्या असाल," नोटरी म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "आपण दुसरा दिवस ठरवू या. पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना नव्हता. हे त्या घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

मला काहीच करायचं नव्हतं. हीच तर गोष्ट होती. काही न करणं कायद्याला धरून होतं, आणि काही न करण्यातच माझा फायदा होता. दोन्ही इतके नेमके एकावर एक बसले होते की मला स्वतःची भीती वाटली. आत आईचा श्वास ऐकू येत होता. वर्गात फळ्याशी उभं केलेलं पोर उत्तर आठवत नाही म्हणून जसा श्वास घेतं, तसा.

मी डावा पंजा ओट्यावर आपटला. मग सुरी पाटावर. एक. दोन. तिसरा हलका.

"झ रे-व्हो-क," आई म्हणाली. स्पष्ट, अखंड, वर्गातल्या आवाजात.

खुर्ची मागे सरकली. पावलं आली. दार उघडलं तेव्हा सुरी माझ्या हातात होती.

मेत्र वान्दाम माझ्याकडे बघत नव्हते. ते पाटाकडे बघत होते. पाट कोरडा होता, रिकामा. मग त्यांनी बेसिनमधल्या मातीने भरलेल्या जुड्यांकडे पाहिलं.

"आमच्याकडे चिरायला काहीतरी ठेवतात त्यावर," ते म्हणाले.

मी सुरी तशीच धरून राहिले.

"तुम्हाला नियम सांगितला होता."

"हो."

"यामुळे कागद फुकट जाऊ शकतो, हे ठाऊक आहे?"

"हो."

"आणि जुन्या मृत्युपत्रात काय आहे ते?"

"सगळं ठाऊक आहे."

"मग मला हे कळत नाही."

"मलाही नीट कळत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली आणि बेसिनमध्ये ठेवली. "जे आत्ता ऐकलं ते मी लिहू शकत नाही. तुम्ही बाहेर जा. अंगणात नाही, चौकात. चर्चच्या पलीकडे, हुतात्म्यांच्या खांबापाशी उभ्या राहा. मला खिडकीतून दिसाल तिथे. मी अकराच्या ठोक्यापर्यंत थांबेन. नंतर नाही."

ताटल्यांच्या खिडकीच्या फटीतून आई दिसत होती. तिने मान वळवली नाही.

*

मी एप्रन तसाच घालून चौकात गेले. वारा उत्तरेचा होता, आकाश धुतल्यासारखं. घर तीनशे पावलांवर. मी खांबावरची नावं वाचू लागले, कारण तिथे दुसरं वाचायला काही नव्हतं. वाचता वाचता लक्षात आलं की माझा पाय जमिनीवर ठोके देतो आहे. मी पाय थांबवला. तीनशे पावलांवरून तिला काय ऐकू जाणार होतं? तरी थांबवला, आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. तिथे उभी असताना मनात आलं, नाही जमलं तर बरं. एकदा आलं. मी ते हाकललं. मग पुन्हा आलं, आणि दुसऱ्यांदा हाकलायला मला वेळ लागला. वरच्या खोलीची निळी झडप तिथून दिसत होती. सकाळी उघडलेली मीच.

अकरा वाजले. आमच्याकडे घंटा तास दोनदा वाजवते; पहिल्यांदा मोजायचं चुकलं तर दोन मिनिटांनी पुन्हा. पहिले अकरा ठोके झाले आणि घराचं दार उघडलं नाही. नोटरी कुठले अकरा धरतील हे मला ठाऊक नव्हतं. उत्तरेत एकदाच वाजवत असतील.

दुसऱ्या अकरांमधला सातवा की आठवा ठोका पडत होता, तेव्हा पोलेत बाहेर आली. चपलांसकट पळत. तिला पळताना मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बोलल्या!" ती लांबूनच ओरडली. "अगं, बोलल्या मादाम! नोटरीला सोलून काढलं!"

ती खांबाला हात टेकून उभी राहिली, आणि दम लागत लागत तिने सांगितलं ते असं. मी गेल्यावर नोटरींनी पुन्हा विचारलं. आईने तोंड मिटून घेतलं. प्रयत्नच करेना. रागाने नुसती टेबलाकडे बघत बसली. शेवटी नोटरी म्हणाले, मी जुनं मृत्युपत्र वाचून दाखवतो, हेच तुमचं ना, एवढं मान हलवून सांगा, म्हणजे मी आलो होतो याची नोंद तरी होईल. आणि ते वाचू लागले. असल्या कागदांत पहिली ओळ ठरलेली असते, याआधीचं सगळं रद्द करते म्हणून.

"तर ते आपले वाचतायत, 'झ रेव्होक', त्यांच्या त्या गिळून," पोलेत म्हणाली. "आणि मादामनी हात वर केला! असा. वर्गातल्यासारखा. मी तर सरळच बसले बाई. टेबलावर टक, टक, टक. रे-व्हो-क. नोटरी म्हणाले, काय? आणि पुन्हा वाचलं, पुन्हा तसंच, दोन तुकड्यांत. मादामनी डोळे असे मिटले. तुला ठाऊक आहे ना कसे मिटतात? आणि परत, टक, टक, टक. हा बास्तिद हसायला लागला, गाढव."

"मग?"

"मग नोटरींनी कागद खाली ठेवला. म्हणाले, मादाम, तुम्ही माझा उच्चार सुधारताय, की मला काही सांगताय? आणि मादामनी पंजा टेबलावर नाही ठेवला, रेजीन. इथे ठेवला." पोलेतने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "झ. आणि मग त्या कागदावर पेरांनी. रे-व्हो-क. तू." 'तू' म्हणजे आमच्या भाषेत सगळं. "सगळं, म्हणाल्या. हा शब्द तर तू शिकवलाही नव्हतास ना?"

नव्हता.

"आणि नोटरींनी लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, ते तीन तुकड्यांत. बास्तिद म्हणतो, चार वर्षांत आज पहिल्यांदा माणसासारखं बोललात."

मी घरात गेले तेव्हा आई मान मागे टाकून बसली होती. चेहरा राखेसारखा झाला होता आणि केस पुन्हा डावीकडे गेले होते. सही करता येत नसल्याची नोंद झाली होती. मेत्र वान्दाम कोट घालत होते. दारात ते माझ्यापाशी थांबले.

"सूपात या वेळी भाजी घाला," ते म्हणाले. आणि गेले.

मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. हलकंही वाटलं नाही. मी लीक धुतले, चिरले, आणि आम्ही दोघी सूप प्यायलो. तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं मी पुसलं. "हे बघ," ती म्हणाली, आणि माझा हात धरून तिच्या मांडीवर ठेवून घेतला.

*

त्यानंतर तिने एकही क्रियापद म्हटलं नाही. क्लेमांस यायची, ठोके द्यायची, आई सौजन्याने ऐकून घ्यायची. जानेवारीच्या एकोणिसाव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, ती गेली. रोलाँ आदल्या रविवारी येऊन राहिला होता. तिच्या डाव्या बाजूला तोच बसला होता.

घर जूनमध्ये विकलं जाईल. बेझिएचं एक जोडपं दोनदा बघून गेलं आहे. झडपांचा रंग बदलणार म्हणाले. रोलाँ आणि मी शनिवार-रविवारी कपाटं रिकामी करतो. आम्हाला अजून एकमेकांशी बोलायचा सराव नाही, म्हणून बहुतेक वस्तूंविषयी बोलतो. वही त्याने मागितली, मी दिली. पाट मी ठेवून घेतला.

गेल्या रविवारी ताटल्या कागदात गुंडाळताना त्याने विचारलं, "तेव्हा कशी बोलली गं ती? नेमकी कशी?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. गावात पोलेतला विचारा, बास्तिदला विचारा, त्या डंकर्कच्या माणसाला विचारा. त्यांनी ऐकलं. तिने एकटीने, कुणाच्याही ठोक्याशिवाय म्हटलं तेव्हा मी खांबापाशी उभी होते, पाय रोखून. मी ऐकलं ते त्याच्या आधीचं. त्यात माझी सुरी होती.

"पोलेतला विचार," मी म्हणाले. "ती छान करून दाखवते."

त्याने पुढची ताटली घेतली.